अकरा महिने झाले तरी मुलगी रांगत नाही: थांबावे की दाखवावे?

शाहूपुरीकर | १८ ऑगस्ट, रात्री ११.४०

नमस्कार. आम्ही साताऱ्यात शाहूपुरीत राहतो. माझी मुलगी परवा अकरा महिन्यांची झाली आणि ती अजून रांगत नाही. ती एकतिसाव्या आठवड्यात जन्मली, म्हणजे दिवस भरायला नऊ आठवडे बाकी असताना. जन्मतः वजन १४५० ग्रॅम होते आणि पहिले ३२ दिवस ती काचेच्या पेटीत होती. घरी आल्यावर मात्र वजन नीट भरत गेले, आता ते ७ किलो ८०० ग्रॅम आहे, खाणेपिणे चांगले आहे आणि हाक मारली की लगेच वळून पाहते.

मान तिने सहाव्या महिन्यात सावरली, उपडी व्हायला आठवा महिना संपला आणि गेल्या पंधरा दिवसांपासून ती बसवल्यावर हात टेकून बसते. हात सुटला की बाजूला कलंडते. आपण होऊन उठून बसत नाही, पोटावर सरकत नाही. शेजारचा मुलगा तिच्याहून वीस दिवसांनी लहान आहे. तो उंबरा ओलांडून थेट आमच्या स्वयंपाकघरात येतो आणि तिच्या पुढ्यातले खेळणे उचलून नेतो, तेव्हा ही जागच्या जागी बसून त्याच्याकडे बघून हसते. ते हसू पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो.

सासूबाई म्हणतात, अपुऱ्या दिवसांचे मूल सगळे उशिरानेच करणार. आई म्हणते, मालिश जोरात करायला सांग. दिरांनी वॉकर मागवला आहे. नवव्या महिन्याच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना विचारले, तर रांग मोठी असल्यामुळे त्यांनी उभ्या उभ्याच 'होईल, थांबा' एवढे सांगितले. किती थांबायचे, हे मात्र मी विचारायला विसरले.

मुलगी हुशार आहे, हे सांगायचे राहिले. 'टाळ्या वाजव' म्हटले की डावा हात मांडीवर आपटते. आजोबांसारखीच डावखुरी आहे, चमचा नेहमी डाव्याच हाताने ओढून घेते, त्याचे घरात फार कौतुक होते. कोणाला असा अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहावे.

वाईच्या काकू | १९ ऑगस्ट, सकाळी ७.१५

बाळ, आधी स्वतः शांत झोप घे. माझा धाकटा मुलगा दीड वर्षाचा झाला तरी पाऊल टाकेना. तो रांगलाच नाही. ढुंगणावर बसून, एक पाय मुडपून, हाताने रेटा देत साऱ्या अंगणात सरकत फिरायचा, आणि त्याच्या चड्ड्यांना ठिगळे लावून लावून मी थकले होते. त्याचे वडीलही असेच सरकायचे, असे माझ्या सासूबाई सांगत. आज तो सैन्यात आहे आणि पाठीवर बोजा घेऊन डोंगर चढतो.

नाचणीचे सत्त्व दे, सकाळचे ऊन दाखव, जमिनीवर जास्त वेळ मोकळे सोड. दृष्ट काढावीशी वाटली तर काढ, त्याने नुकसान काही होत नाही. पण तेवढ्यावर भागवू नकोस. मालिश करणाऱ्या बाईंना मात्र जोर लावू देऊ नकोस. साडेसात किलोचे लेकरू म्हणजे कणिक नव्हे.

कराडची सून | १९ ऑगस्ट, सकाळी १०.०५

वॉकर आला असेल तर खोके न फोडता परत करा. आमच्याकडे तो होता आणि पहिल्या मुलाने त्यातून स्वयंपाकघराच्या पायरीवरून उडी घेतली. ओठाला तीन टाके पडले. वॉकरमुळे मूल लवकर चालते हा समज चुकीचा आहे. त्यात मूल झोळीत बसल्यासारखे लोंबकळते, पायाच्या बोटांनी जमीन ढकलते आणि आपला तोल आपण सावरायला शिकत नाही. कॅनडात तर २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे. आपल्याकडचा लाकडी पांगुळगाडा वेगळा, कारण तो आधी स्वतः उभ्या राहिलेल्या मुलाने धरून ढकलायचा असतो. पण तुमची मुलगी अजून उभी राहत नाही, त्यामुळे आज त्याचाही विचार नको.

फलटणकर | १९ ऑगस्ट, दुपारी २.३०

बाप म्हणून लिहितो. आमचा मुलगा सहाव्या महिन्यात छान बसत होता, नंतर नवव्या महिन्यापासून तो बसेनासा झाला. हसणे कमी झाले, केस विरळ आणि पिंगट झाले, हाताच्या बोटांच्या पेरांवर काळपटपणा आला आणि पुढे हात थरथरू लागले. आम्ही म्हणत होतो की दात येत असतील. घरात सगळे शाकाहारी, पत्नीला दूध-दही आवडत नाही, आणि बाळ जवळजवळ अंगावरच्या दुधावर होते, वरचे अन्न घेतच नव्हते. शेवटी रक्ततपासणीत ब-१२ जीवनसत्त्व अतिशय कमी निघाले, त्याच्यातही आणि त्याच्या आईतही. इंजेक्शने सुरू झाल्यावर चार-पाच दिवसांत तो माझ्याकडे पाहून हसला. बसायला पुन्हा काही आठवडे लागले.

तुमच्या मुलीचे तसेच असेल असे मी म्हणत नाही. तिने आधी येत असलेले काही गमावले आहे का, एवढे मात्र नीट आठवून पाहा. उशीर होणे ही एक गोष्ट आणि आलेले जाणे ही दुसरी; दुसऱ्या प्रकारात एक दिवससुद्धा थांबू नये, हे आम्हाला तीन महिने घालवून कळले. हिमोग्लोबिन, ब-१२ आणि थायरॉइड यांची तपासणी करायला तुमच्या डॉक्टरांना सांगता येईल.

मिरजेची फिजिओ | १९ ऑगस्ट, रात्री ९.५०

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे आणि मिरजेत काम करते. पडद्यावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही, परंतु काही गोष्टी स्पष्ट कराव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट वयाची. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे विकासाचे वय जन्मतारखेपासून मोजायचे नसते, तर दिवस भरले असते त्या तारखेपासून मोजायचे असते, आणि साधारण दोन वर्षांचे होईपर्यंत हाच हिशेब ठेवायचा असतो. तुमची मुलगी नऊ आठवडे आधी आली, म्हणून आज ती अकरा नव्हे तर सुमारे नऊ महिन्यांची आहे. शेजारच्या मुलाशी तिची तुलना करणे म्हणूनच अन्यायाचे ठरते, तो कितीही गोड असला तरी.

दुसरी गोष्ट रांगण्याची. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून २००६ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत आधाराशिवाय बसण्याचा काळ साधारण ३.८ ते ९.२ महिने, हात-गुडघ्यांवर रांगण्याचा ५.२ ते १३.५ महिने आणि एकट्याने चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने असा निघाला. एवढी रुंद खिडकी आहे. शिवाय शंभरातली चारएक मुले हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरीही चालली. काकूंचा मुलगा बहुधा त्यांपैकीच, आणि ढुंगणावर सरकणारी मुले अनेकदा घराण्यातच असतात, हे त्यांचे निरीक्षणही बरोबर आहे. त्यामुळे केवळ रांगण्याचा प्रश्न असता तर मीही तुम्हाला आणखी दीड-दोन महिने धीर धरायला सांगितले असते.

परंतु तुम्ही शेवटी ओझरते लिहिलेले एक वाक्य मी तीनदा वाचले. वर्षाच्या आतले मूल डावखुरे किंवा उजवे नसते. या वयात मुले दोन्ही हात सारखेच वापरतात, समोर येईल त्या हाताने धरतात, आणि हाताची खरी आवड दीड-दोन वर्षांनंतर दिसू लागते. एवढ्या लवकर एकच हात पुढे येत असेल, तर दुसरा हात मागे का राहतो हे पाहावे लागते.

घाबरू नका, पण उद्या एवढे करा. तिला मांडीवर न घेता भिंतीला पाठ टेकून सरळ बसवा. चमचा आधी बरोबर मध्ये धरा, मग मुद्दाम तिच्या उजव्या बाजूला धरा, आणि ती उजवा हात पुढे करते की डावा हात अंगावरून आडवा आणते ते बघा. नंतर तिच्या चेहऱ्यावर पातळ रुमाल टाका आणि तो कोणत्या हाताने काढते ते पाहा. डावा हात हलकेच धरून ठेवला, तर उजव्याने काढते का तेही पाहा. उजवी मूठ दिवसभरात किती वेळ उघडी असते आणि अंगठा आत दुमडलेला असतो का, याकडे लक्ष द्या. बसल्यावर ती कोणत्या बाजूला कलंडते तेही लिहा. या सगळ्याचे मोबाईलवर चित्रण करून ठेवा, कारण दवाखान्यात मुले रडतात आणि काही दाखवत नाहीत.

आणखी एक. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी पहिल्या महिन्याच्या सुमारास होणे आवश्यक असते. ती झाली होती ना? आणि कानांची?

सडेतोड | २० ऑगस्ट, सकाळी ८.२०

एका रुमालावरून थेट मेंदूपर्यंत जाऊ नये असे वाटते. आईच्या डोक्यात आधीच भुंगा आहे, त्यात ही भर. आमच्या पिढीत कोणी तक्ते घेऊन मुले वाढवली नाहीत. आता एक तपासणी दुसरीला जन्म देते आणि शेवटी हाती बिल येते.

मिरजेची फिजिओ | २० ऑगस्ट, दुपारी १.१०

बिलाची भीती खोटी नाही. मात्र मी आज कोणतेही यंत्र सुचवलेले नाही. एक रुमाल आणि एक चमचा सुचवला आहे. दोन्ही हात सारखे चालले तर आईचा भुंगा उद्याच जाईल.

शाहूपुरीकर | २० ऑगस्ट, रात्री १२.३०

डोळे आणि कान दोन्ही तपासले होते, दोन्ही ठीक आहेत. आधी येत असलेले काही तिने गमावलेलेही नाही.

रुमाल आज पाच वेळा टाकला. पाचही वेळा डावा हात वर गेला. डावा हात धरून ठेवला तर ती उजवा हात कोपरापासून थोडा उचलते, मूठ गालापर्यंत नेते, मूठ उघडत नाही, आणि मग मान जोरजोरात हलवून रुमाल पाडते. पहिल्या दोन वेळा आम्ही हसलो. तिसऱ्या वेळी यजमानांनी मोबाईल खाली ठेवला.

ती कलंडते ती बहुतेक वेळा उजवीकडेच, हे आज मोजल्यावर लक्षात आले.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. बाळाला न्हाऊ-माखू घालायला येणाऱ्या मावशींना आज मी सहज विचारले, तर त्या म्हणाल्या, "ताई, ही उजवी मूठ मी रोज बोटे सोडवून धुते, आत दुपट्याचा कापूस आणि मळ साचतो. डाव्या हाताला कधी तसे करावे लागत नाही. मागे एकदा मोठ्या बाईंना बोलले होते, त्या म्हणाल्या, मूठ घट्ट असणे चांगले, लक्ष्मी टिकते." जोरात मालिश करायला सांगण्यासाठी मी ज्यांना गाठणार होते, त्यांच्या बोटांना हे तीन महिन्यांपासून माहीत होते.

मिरजेची फिजिओ | २१ ऑगस्ट, सकाळी ६.४५

मग आता थांबण्याचे कारण उरले नाही. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांची वेगळी वेळ घ्या, लसीच्या रांगेत विचारू नका, आणि 'रांगत नाही' असे न सांगता 'उजवा हात वापरत नाही' असे पहिल्याच वाक्यात सांगा. मुलगी जिथे पेटीत होती तिथली सगळी कागदपत्रे सोबत न्या. अशा बाळांची टाळूतून डोक्याची सोनोग्राफी करतात. तिचा अहवाल त्या फाईलमध्ये असेल तर तो सर्वांत आधी दाखवा.

अंगणवाडी ताई, कोरेगाव | २१ ऑगस्ट, दुपारी ४.००

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात व्यंगे, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब या चार गोष्टींसाठी तपासणी होते. आमच्या अंगणवाडीत डॉक्टरांचे पथक वर्षातून दोनदा येते. पुढच्या तपासणीची गरज असलेली मुले जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवली जातात आणि तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, वाचा व श्रवण तपासणी, मानसतज्ज्ञ हे एका ठिकाणी मिळावेत अशी रचना असते. त्याचे पैसे पडत नाहीत. पथक येईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही, जिल्हा रुग्णालयात थेट जाऊन विचारता येते.

शहरातल्या सुशिक्षित घरांना अंगणवाडी आपल्यासाठी नाही असे वाटते, म्हणून मुद्दाम लिहिले. माता-बाल संरक्षण पुस्तिकेत कोणत्या महिन्यात मूल काय करते याची चित्रे असतात. बहुतेक घरांत त्या पुस्तिकेचे लसीचे पान तेवढे उघडले जाते.

शाहूपुरीकर | २ सप्टेंबर, रात्री १०.१५

उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमस्व. फाईल कपाटात, बारशाच्या साड्यांखाली सापडली. त्यात टाळूतून केलेल्या सोनोग्राफीचा अहवाल आहे आणि त्यावर डाव्या बाजूला रक्तस्राव असल्याची एक ओळ आहे. खाली पेनाने चौथ्या महिन्यातल्या फेरतपासणीची तारीख लिहिलेली आहे. त्या दिवशी आम्ही गेलो नव्हतो. मुलगी घरी आली होती, दूध पीत होती, वजन वाढत होते, आणि पुन्हा त्या इमारतीची पायरी चढायची माझी इच्छा नव्हती. यात दोष दुसऱ्या कोणाचा नाही.

डॉक्टरांनी चाळीस मिनिटे दिली. झटके येतात का, एकटक पाहत राहते का, असे तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारले. मग त्यांनी तिला कमरेला धरून आडवे उचलले आणि डोके पुढे करून एकदम खाटेकडे झुकवले. डावा हात पंजा पसरून पुढे आला, पडताना आपण टेकतो तसा. उजवा हात छातीशी दुमडलेलाच राहिला. मला त्यापुढचे सांगावे लागले नाही. पुढच्या आठवड्यात एमआरआयसाठी पुण्याला जायचे आहे.

घरी आल्यावर सासूबाईंनी ग्रहणाचा विषय काढला. मी सहाव्या महिन्यात असताना ग्रहणात भाजी चिरली होती, असे त्यांना आठवते. मला आठवत नाही, आणि वाद घालायची ताकदही नाही.

वाईच्या काकू | ३ सप्टेंबर, सकाळी ६.५०

तुझ्या सासूबाईंना माझ्या वयाची बाई म्हणून सांग, की नऊ आठवडे आधी आलेल्या लेकराच्या डोक्यातल्या शिरा अतिशय नाजूक असतात आणि त्यातून रक्त झिरपले, हे कागदावर लिहिलेले आहे. त्या कागदावर विळी आणि भाजी कुठे लिहिलेली नाही. ग्रहणात मीही चिरले आहे. माझे तिन्ही धडधाकट आहेत. त्यांनाही नातीचे वाईटच वाटत असेल, बोलता येत नाही म्हणून ग्रहण काढतात.

आणि मी पहिल्या दिवशी 'शांत झोप घे' असे लिहिले, ते मागे घेते.

शाहूपुरीकर | ९ ऑक्टोबर, रात्री ११.००

एमआरआय झाला. गुंगीचे औषध द्यायचे असल्यामुळे आधी चार तास अंगावरचे दूधही बंद होते, आणि ते चार तास एमआरआयपेक्षा कठीण गेले. मेंदूच्या डाव्या बाजूला जुनी इजा आहे. डावी बाजू उजव्या हातापायाला चालवते, म्हणून उजवा हात आणि थोडासा उजवा पाय. बाल न्यूरोलॉजिस्टनी सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा कमी होण्याचा, एका बाजूचा प्रकार असे नाव सांगितले. इजा वाढत जाणारी नाही, पण नाहीशीही होणार नाही, आणि आज ती किती चालेल याचा आकडा कोणी देऊ शकत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. बसणे, हसणे आणि समजणे पाहता चालण्याची आशा चांगली आहे, असेही म्हणाले. सांगताना त्यांनी मुलीच्या हातात स्वतःचे पेन दिले होते, उजव्या बाजूने.

आठवड्यातून दोनदा जिल्हा रुग्णालयातल्या केंद्रात जातो, रोजचे काम घरीच आहे. रोज अर्धा तास डाव्या हातावर कापडी थैली चढवायची आणि उजव्या हाताला खेळू द्यायचे; नंतर दोन्ही हात लागतील असा खेळ. पहिल्या दिवशी थैली चढवली तेव्हा ती रडली, दाताने ओढू लागली, आणि मला शिक्षा करणाऱ्या मास्तरणीसारखे वाटले. तिथल्या ताईंनी सांगितले की रडवून काही साधत नाही, पाच मिनिटांपासून सुरुवात करा, आणि उजव्या हाताला जमेल इतके सोपे काम आधी द्या, म्हणजे तिचा विजय व्हावा. मग आम्ही पाण्याच्या परातीत हात बुडवण्यापासून सुरुवात केली. परातीत मूठ आपोआप सैल होते. दोन हातांसाठी सर्वांत चांगले खेळणे लाटणे ठरले आहे, कारण ते एका हाताने उचलत नाही. कणकेच्या गोळ्यावर ती ते आपटते, मी तिचा उजवा पंजा वरून धरते.

बाजारातला मोजा निसटतो आणि दोरी बांधायची भीती वाटते. थैली कशी शिवावी, कोणी सांगेल का?

वाईच्या काकू | १० ऑक्टोबर, सकाळी ७.३०

जुन्या धोतराचे किंवा नऊवारीचे मऊ कापड दुहेरी घे. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत माप घेऊन त्यात दोन बोटे जास्त धर. आकार गोलच ठेव, अंगठ्याला वेगळी बोळ करू नकोस. शिवण बाहेरच्या बाजूला राहू दे, म्हणजे आत धागा सुटून बोटाला गुंडाळला जाणार नाही. कुंच्या शिवताना आम्ही हे फार जपत असू. मनगटाला इलॅस्टिक घालू नकोस, झबल्याच्या बाहीलाच आतून दोन बटणे लाव आणि थैली त्यावर अडकव. बाहीसकट निघेल, वळ उठणार नाही. चार शिव, लाळेने भिजतात.

इस्लामपूरचा बाबा | १० ऑक्टोबर, रात्री ९.२५

माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, निदान हेच, बाजू डावी. आम्हाला कळले तेव्हा तो एकवीस महिन्यांचा होता, म्हणून तुम्ही अकराव्या महिन्यात पोचलात याचा हेवा वाटतो. तो बावीसाव्या महिन्यात चालला. पळतो, पडतो, बालवाडीत जातो. शर्टाची बटणे लावता येत नाहीत आणि त्यावरून रोज सकाळी भांडण होते.

कागदपत्रांचे दोन शब्द. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये या निदानाचा समावेश आहे आणि युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करता येतो. लहान वयात प्रमाणपत्र तात्पुरते मिळते, पुढे फेरतपासणी होते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि त्यात बाह्यरुग्ण उपचार व थेरपीचाही खर्च ठरावीक मर्यादेत मिळतो. आम्ही पहिले वर्षभर 'दिव्यांग' हा शब्द घरात येऊ नये म्हणून अर्जच केला नाही, आणि थेरपीसाठी पत्नीची पाटली मोडली. पाटली गेली, शब्द राहिलाच.

फलटणकर | ११ ऑक्टोबर, सकाळी ११.४०

माझ्या अनुभवामुळे तुम्हाला भलत्या दिशेला नेले असते तर, असे मध्यंतरी वाटत होते. रक्ततपासणी केली का?

शाहूपुरीकर | ११ ऑक्टोबर, रात्री १०.२०

केली. हिमोग्लोबिन ८.९ निघाले, लोहाचे औषध सुरू आहे. ब-१२ आणि थायरॉइड योग्य आहेत. म्हणजे तुमचे म्हणणे अगदीच वाया गेले नाही, दादा.

शाहूपुरीकर | १७ जानेवारी, रात्री ९.४०

बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारले, म्हणून इथेच लिहिते. मुलगी आता सोळा महिन्यांची आहे, मिरजेच्या ताईंच्या हिशेबाने चौदा. नोव्हेंबरच्या शेवटी ती पोटावर सरकू लागली. डावा हात ओढायचा आणि उजवा कोपर मागून यायचा, त्यामुळे ती सरळ न जाता तिरकी जायची आणि दर वेळी दिवाणाखाली पोचायची. हात-गुडघ्यांवर ती डिसेंबरमध्ये आली. सहा-सात पावले जाते, मग उजवा हात मुडपतो आणि हनुवटी टेकते. म्हणून सतरंजी दुहेरी घातली आहे. वॉकर दिरांनी स्वतःच परत केला.

शेजारचा मुलगा आता धावतो. अजूनही खेळणे घेऊन जातो. गेल्या आठवड्यात हिने त्याचा सदरा धरला, डाव्या हाताने, आणि तो बसला.

परवा बोरन्हाण केले. बोरे आणि गोळ्या आधीच बाजूला काढून डोक्यावरून फक्त चुरमुरे सोडले, कारण दिसेल ते तोंडात घालते. हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवले होते. चुरमुरे पडल्यावर ती डावीकडे वाकून वेचू लागली आणि तोल जाऊ नये म्हणून तिने उजवा हात पाटावर टेकला. पंजा पूर्ण उघडा नव्हता, करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट दुमडलेलेच होते, पण तळवा लाकडाला लागला होता आणि अंगठा बाहेर होता. मावशी तिथेच बसल्या होत्या. त्यांनी मला कोपराने ढोसले.

आता एक प्रश्न आहे. धरून उभे केले की उजवी टाच जमिनीला पूर्ण टेकत नाही. केंद्रातल्या ताईंनी घोट्याचा स्प्लिंट, म्हणजे पाय सरळ धरून ठेवणारा कडक आधार, सुचवला आहे, माप घेऊन बनवावा लागेल. सातारा, कराड किंवा सांगली-मिरजेत लहान मुलांचे मापाचे स्प्लिंट चांगले कोठे बनतात, आणि पाय वाढला की किती महिन्यांनी बदलावे लागतात?

मिरजेची फिजिओ | १८ जानेवारी, सकाळी ६.३०

कोठे ते व्यक्तिगत निरोपात कळवते. या वयात पाय भराभर वाढतो, त्यामुळे बदलण्याची तारीख आधी ठरवून चालत नाही. दर भेटीला स्प्लिंट काढून कातडी पाहत जा, आणि लाल वळ वीस-पंचवीस मिनिटांत गेला नाही तर तो स्प्लिंट घालणे थांबवून बनवणाऱ्याला दाखवा. बूट एक माप मोठा लागेल, म्हणून आत्ता नवे बूट घेऊ नका.

पाटाचे छायाचित्र काढले असेल तर तारीख घालून जपून ठेवा. पुढच्या भेटीत तिथल्या ताईंना ते हवे असेल.